अण्णा खटकेवाल्याचं व्हय

परवा माझ्या सुनेनं पंख्याला हाक मारली आणि पंखा फिरायला लागला. ती भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात होते, म्हणून तोंडानं सांगितलं. तिची सोय झाली, हे मला दिसतं. पण मला अशी शिसारी आली की घास खाली जाईना. मी ताटावरनं उठलो.

"मामा, भाजीत खडा आला का?" सून म्हणाली.

"भाजीत नाही. पंख्यात आला."

तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वाटू दे. तिनं अण्णा चौगल्याचे शेवटचे दिवस पाहिलेले नाहीत. मी पाहिलेत.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर ट्रक चालवला. गडहिंग्लज, नेसरी, तिकडं खाली कर्नाटकात, गूळ भरून नेला आणि जे मिळेल ते भरून आणलं. मी लिहायला बसलोय म्हणून कुणी हसायचं कारण नाही. अक्षर वाकडं असेल, सांगणं वाकडं नाही.

अण्णाचं दुकान शाहूपुरीत, गुळाच्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर. दुकान म्हणजे काय, दोघं आत शिरले तर तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं. मागं दोन खोल्या, तेच घर. मिक्सर, पंखे, रेडिओ, इस्त्री, जे बिघडेल ते लोक त्याच्याकडं आणून टाकत. वर पाटीवर दुकानाचं नाव इंग्रजीत होतं, ते कुणी वाचलं नाही. सगळ्या पेठेला तो खटकेवाला म्हणूनच माहीत.

त्याला कारण होतं. जुन्या घरांची वायरिंग काढताना निघालेले खटके त्यानं फेकून दिले नाहीत, दुकानाच्या भिंतीवर लाकडी फळी ठोकून तिच्यावर ओळीनं बसवले. डावीकडं खाली ओढायचा भला मोठा लोखंडी दांडा. त्याच्या शेजारी पिळायचे काळे, मग वरखाली करायचे, मग दाबायचे, मग नुसतं बोट टेकलं की पेटणारे. आणि सगळ्यात उजवीकडं हातभर जागा मोकळी.

नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ही जागा का सोडली?"

"ह्यो खटका अजून यायचा हाय, पावणं," अण्णा सांगायचा. "आणि आला तरी दिसायचा न्हाय."

मग त्याचं सुरू व्हायचं. हातात पाना, कानावर पेन्सिल आणि डोळे छताकडं. "बघा, पहिल्यांदा माणूस दांडा ओढायचा. अख्खा दंड लागायचा. मग पिळाया लागला, मनगट लागलं. मग दाबाया लागला, अंगठा लागला. आता नुसतं बोट टेकतोय. हात कमी कमी होत चाललाय का न्हाय? पुढं तोंडानं सांगशीला. मग नुसतं बघशीला. मग बघणार बी न्हाई, मनात आणशीला. कंप्युटर तसाच चालणार, चंद्रावर जाणारं यान बी तसंच चालणार. हात म्हंजे नोकर. नोकराची रजा मंजूर झालीया."

मला ह्या बोलण्याचा तिटकारा होता. माझे हात हेच माझं घरदार. हाताला रजा म्हणजे मी काय करायचं, मनातल्या मनात गिअर टाकायचा? मी तोंडावर सांगायचो, "अण्णा, तुझं बोलणं ऐकलं की मला मळमळतंय." त्यावर तो खूश व्हायचा. माणूस मला आवडायचा, बोलणं नाही. इतकी वर्षं आमचं असंच चाललं.

एक सवय त्याची सांगितलीच पाहिजे, कारण पुढं जे झालं ते तिच्यामुळं झालं. अण्णाचं व्हय म्हणजे न्हाय आणि न्हाय म्हणजे व्हय.

कुणी मिक्सर घेऊन आलं आणि म्हणालं, "उद्या मिळंल का?" तर अण्णा म्हणायचा, "व्हय की! मिळंल की! न मिळाया काय झालं?" नवखा माणूस दुसऱ्या दिवशी हजर व्हायचा आणि शिव्या देत परत जायचा. जुन्या गिऱ्हाइकाला कळायचं की आठवडाभर इकडं फिरकायचं नाही. आणि तोच जर म्हणाला, "न्हाय बाबा, जमायचं न्हाय, घेऊन जा," तर समजायचं की त्याचा पाना हातात आलाय. हे ऐकलेलं जुनं गिऱ्हाईक दारातल्या बाकावर बसून राहायचं आणि मिक्सर घेऊनच जायचं. लागोपाठ तीनदा व्हय म्हणाला, तर मग ते काम ह्या जन्मात होत नव्हतं.

समोरच्या चहावाल्यालाही हे पाठ. तो नुसता ओरडायचा, "अण्णा, चहा?" अण्णा म्हणायचा "न्हाय", की तो कपात ओतायला लागायचा. अण्णा "व्हय" म्हणाला तर किटली खाली. त्या दिवशी पित्त झालंय हे सगळ्या पेठेला समजायचं.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, होती तेव्हा सांगायची. अण्णा तिला बघायला गेला. कांदेपोहे झाले, मुलगी आत गेली, आणि तिच्या मामानं विचारलं, "काय, पोरगी पसंत हाय का?" अण्णा म्हणाला, "न्हाय." सगळे उठले. तिचे वडील चप्पल घालून बाहेर पडले. अण्णाचे थोरले बंधू धावत मागं गेले आणि अंगणात हात जोडून म्हणाले, "आवो पावणं, थांबा! त्याचं न्हाय म्हंजे लगीन ठरलं." वहिनी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायची, आणि अण्णा आतनं ओरडायचा, "खोटं बोलत्या!" म्हणजे खरं होतं.

असं का बोलतोस म्हणून मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "शब्द काय, कुणीबी बोलतंय. मानूस वळखाय नको?"

एकदा त्याला ट्रकमध्ये घालून नेसरीला नेलं होतं. तिथल्या एका गिरणीची मोटर बघायची होती. गडहिंग्लज सोडलं आणि अण्णा सुरू झाला. आता चाकाला हात लावायची गरज उरणार नाही, डोक्याला पट्टी बांधायची, मनात आणलं डावीकडं की ट्रक डावीकडं. मी ऐकत होतो. वळणावर उसातनं एक म्हैस थेट रस्त्यात आली. मी ब्रेक मारला. मागचं सामान दणकन पुढं आलं, अण्णाचं कपाळ काचेला लागलं आणि म्हैस आमच्याकडं न बघता निघून गेली.

"अण्णा," मी म्हटलं, "आता माझ्या मनात काय हुतं, सांग."

"म्हैस."

"भाकरी हुती. नेसरीत कुणाकडं जेवायचं त्याचा इचार चाललावता. पाय त्याचा त्यो ब्रेकवर गेला. तुझ्या पट्टीनं मनातली भाकरी वाचली असती, आणि आपण म्हशीच्या पोटात गेलो असतो."

अण्णा कपाळ चोळत बसला. त्याचं एक होतं, पटलं तर तो भांडत नव्हता. म्हणाला, "खरं हाय. मनात शंभर येतंय. त्यातलं खरं कुठलं आणि नुसतं आल्यालं कुठलं, हे मशीनला कळाय पायजे. तिथंच गाडं अडतंय." मग त्याला हसू फुटलं. "आता माझंच बघ. मला यानात बसवलं आणि यानानं इचारलं, अण्णा, चंद्रावर उतरायचं का? मी म्हणणार, व्हय की, उतरू की! यान बिचारं उतरंल, आणि मी बसतोय कपाळ बडवत!"

दोघंही हसलो. इतके हसलो की मला ट्रक कडेला घ्यावा लागला. आज ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं.

वहिनी गेल्यावर अण्णाच्या मुलानं, संदीपनं, बेंगळूरहून एक बोलका डबा पाठवला. संदीप तिकडं कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर. बापानं आयुष्यभर जे सांगितलं त्यातच पोरगा गेला, म्हणून अण्णाला कोण अभिमान. डबा आला तशी त्यानं गल्ली गोळा केली. आम्ही दुकानासमोर रस्त्यात उभे. अण्णा दोन्ही हात पाठीमागं बांधून डब्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दिवा लाव."

डब्यातनं बाईचा गोड आवाज आला. "माफ करा, मला समजले नाही."

"आगं, दिवा लाव की!"

"माफ करा, मला समजले नाही."

"अण्णा, नवी नवरी दिसत्या," चहावाला म्हणाला. "रुसलीया." लोक हसले. अण्णाचा चेहरा पडला. त्यानं घसा साफ केला, ताठ झाला आणि शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हणाला, "कृपया दिवा लावा."

दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गटारात थुंकलो.

"आरं, आमदाराला अरेतुरे करणारा तू," मी म्हटलं, "आणि डब्याला कृपया? दिवा लागला, खरं. पण वाकलं कोण?"

"सुरवातीला मानसाला वाकाय लागतंय," अण्णा म्हणाला. "मग मशीन शिकंल."

"कवा?"

"शिकंल की."

ते की खरं होतं का उलटं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी सकाळी दुकान उघडताना अण्णा शटरजवळच कोसळला. लकवा. दवाखान्यातनं घरी आणला तेव्हा दोन्ही हात गेलेले, पाय गेलेले, जीभ गेलेली. मानसुद्धा उशीवर दुसऱ्यानं वळवायची. डोळे तेवढे राहिले. डोळे मात्र होते तसे, तेच टपोरे आणि खोडकर.

संदीप आला आणि एक यंत्र घेऊन आला. पलंगाच्या बाजूला दांडा, दांड्यावर शाळेच्या पाटीएवढा पडदा, पडद्यावर चौकोन. ज्या चौकोनाकडं अण्णा बघेल तो उजळायचा आणि यंत्र तो शब्द बोलायचं. पाणी. दुखते आहे. होय. नाही. धन्यवाद. अक्षरांचेही चौकोन होते, पण एकेक अक्षर बघून शब्द जुळवायचा म्हणजे डोळ्यांतनं पाणी यायचं आणि अर्ध्यात पापण्या मिटायच्या.

पहिल्या दिवशी मी समोर बसलो होतो. अण्णानं पाण्याकडं बघितलं. "पाणी," यंत्र म्हणालं. बातम्या देणाऱ्या बाप्याचा आवाज. अण्णानं माझ्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं, पुन्हा माझ्याकडं. त्याचे डोळे नुसते चमकत होते. ओठ हलत नव्हते पण मला ऐकू आलं: सांगितलं हुतं का न्हाय? नुसतं बघायचं, खटका बसतोय! मी उठून त्याला चमच्यानं पाणी पाजलं. पाजायला हातच लागला, पण ते मी बोललो नाही. त्या दिवशी मला त्या यंत्राचा राग आला नाही, हे कबूल करतो.

राग पुढं आला. घरात ते यंत्र दिवसभर बोलायचं. "धन्यवाद." "होय." "धन्यवाद." ज्या माणसानं जन्मात कुणाला धन्यवाद म्हटलं नाही, उपकार केले तर शिवी देऊन खांद्यावर हात टाकला, त्याच्या नावावर हा परका बाप्या धन्यवाद वाटत बसला होता. एकदा अण्णानं खूप वेळ लावून "न" वर डोळा रोखला. मला वाटलं न्हाय म्हणतोय, काहीतरी त्याच्या बोलीतलं सांगतोय. यंत्रानं पुढचं स्वतःच जोडलं आणि म्हणालं, "नमस्कार." अण्णानं डोळे मिटले. मी मोरीत जाऊन चूळ भरली.

मग ती संध्याकाळ. मी पलंगाशेजारी बसलो होतो. संदीप आला, बापाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "पप्पा, मला किती दिवस इथं राहता येणार? दुकान आणि घर आपण देऊन टाकू. तुम्ही माझ्याबरोबर बेंगळूरला चला. येणार ना?"

अण्णाचे डोळे एकदा गर्रकन फिरले, खांदे उडवल्यासारखे. मग त्यानं चौकोनाकडं बघितलं.

"होय," यंत्र म्हणालं.

अण्णानं जन्मभर वापरलेलं व्हय होतं ते. व्हय की! येतो की! न याया काय झालं? पण ते की, तो हेल, त्या यंत्रात कुठनं येणार? कोरडं ठक्क होय.

"आरं, न्हाय म्हणतोय त्यो," मी म्हटलं.

"काका, होय म्हणाले. तुम्ही ऐकलंत ना?"

"मी तुझ्या बापाला तू जन्मायच्या आधीपासनं ऐकतोय. त्याचं व्हय म्हंजे न्हाय, हे तुला सांगाय पायजे? तू सायकल मागितलीस तवा काय म्हणालावता?"

संदीपला आठवलं होतं, मी त्याच्या तोंडावर बघितलं. बाप न्हाय म्हणाला होता आणि संध्याकाळी सायकल दारात होती. पण त्यानं मान झटकली. "पप्पा, नक्की ना? परत सांगा."

"होय," यंत्र म्हणालं. "होय. होय."

अण्णा माझ्याकडं बघत होता. तीनदा. ह्या जन्मात नाही.

"बघा," संदीप म्हणाला, "तीनदा म्हणाले."

मला राहवलं नाही. मी पलंगावर वाकलो. "अण्णा, आता मस्करी फुरं. ह्या येड्याला कळंना. शाणा हो आणि सरळ नाहीवर बघ. लेका, एकदा तरी सरळ बोल!"

अण्णा बराच वेळ माझ्याकडंच बघत राहिला. एवढा अवघड खटका त्यानं जन्मात दाबला नसेल. मग हळूच त्याचे डोळे बाजूला गेले.

"नाही," यंत्र म्हणालं.

"ऐकलंस?" मी ओरडलो.

संदीप हसला. वाईट हसला नाही, दमलेला माणूस हसतो तसा हसला, आणि तेच मला जास्त घाण वाटलं. "काका, तुम्हीच म्हणालात ना, पप्पांचं न्हाय म्हणजे व्हय? मग झालं की. तुमच्याच म्हणण्यानं येतायत."

दोन चौकोन, आणि दोन्ही बेंगळूरलाच जात होते. यंत्र खोटं बोललं नव्हतं. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्यानं ऐकलं होतं, आणि यंत्राच्या नावावर खपवलं होतं.

"मी बघतो त्याचं," मी म्हटलं. "आमी गल्ली हाय. चहावाला हाय. हितंच राहू दे त्याला."

"काका, तुमचं वय काय? तुम्हाला कोण बघणार?"

"उद्या तुमच्यातला कोण तरी मानूस यानात बसवशीला," मी म्हटलं, "आणि खालनं इचारशीला, सगळं ठीक हाय का? त्यो म्हणंल व्हय. कुठल्या गावचं व्हय, कुठल्या आळीचं, कुणाच्या पोराचं, ते तुमी बघणार हाईसा का? का नुसतं दिवा लागला म्हणून टाळ्या वाजवणार?"

तो मोबाईलमध्ये बघत होता.

अण्णा तिकडं गेला आणि त्याच पावसाळ्यात वारला. सगळं तिकडंच झालं. आम्हाला मागाहून कळलं. दुकानाच्या जागी आता मोबाईलच्या काचा बदलून देतात. खटक्यांची फळी भंगारवाल्यानं उपटली तेव्हा मी समोर उभा होतो. खटके त्यानं पोत्यात ओतले. मला एखादा मागून घेता आला असता. मी मागितला नाही.

पण मला आठवतो तो निघण्याच्या दिवसाचा अण्णा. पांढरी मोठी गाडी पेठेत शिरत नव्हती म्हणून कोपऱ्यावर उभी केली होती. चौघांनी अण्णाला चादरीत उचलून आणला, मीही एक कोपरा धरला होता. मागची सीट आडवी करून त्याला झोपवला. पडदा पट्ट्यानं त्याच्यासमोर बांधला, वाटेत काही लागलं तर सांगता यावं म्हणून. चहावाला दुकान सोडून आला होता. संदीप पुढं बसला, म्हणाला, "निघू या काका, उशीर होतोय."

काच अर्धी खाली होती. मी तोंड आत घातलं.

"अण्णा, परत येणार हाईस का न्हाय?"

अण्णाचे डोळे पडद्यावर गेले. ह्या वेळी त्यानं जरासुद्धा वेळ लावला नाही.

"नाही," तो परका बाप्या म्हणाला.

"काका, कशाला त्यांना त्रास देताय?" संदीप पुढनं म्हणाला, आणि काच वर यायला लागली.

अण्णाचे डोळे पडद्यावरनं सुटले आणि माझ्यावर येऊन थांबले. टपोरे, खोडकर.

"बरं," मी म्हटलं. "ये मग. चहा सांगून ठेवतो."